पाच भाषांची खुर्ची

१

आमच्या रेडिओ केंद्रात बातम्या पाच भाषांत व्हायच्या आणि खुर्ची एकच होती.

आधी सर्बो-क्रोएशियन, मग हंगेरियन, मग स्लोव्हाक, मग रुमानियन आणि सगळ्यात शेवटी आम्ही रुसिन, मूठभर लोकांची भाषा. बातम्या त्याच. तेच मंत्री, तोच मका, तीच दुनाव, म्हणजे डॅन्यूब नदी. एकजण वाचून उठला की मध्ये संगीताचा एक तुकडा वाजायचा आणि तेवढ्यात दुसऱ्याने खुर्चीत बसायचं. खुर्चीला काळं रेक्झिन, आत स्पंज, आणि स्पंजात पाच भाषिकांच्या बुडांनी मिळून केलेला खळगा. "युगोस्लाव्हियाची एकजूट कुठे बघायची असेल तर इथे बघा," असं आमचा तंत्रज्ञ झिवाकाका त्या खळग्याकडे बोट दाखवून म्हणायचा. तो स्वतः सर्ब. बाकी चार भाषांतलं त्याला ओ की ठो कळायचं नाही. काचेपलीकडे बसून तो आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत राहायचा, आणि प्रत्येक भाषेतलं शेवटचं 'नमस्कार' तेवढं ओळखून कळ खाली ओढायचा.

माझी पाळी शेवटची, म्हणून खुर्ची मला नेहमी गरम मिळायची. माझ्या आधी विओरिका रुमानियन बातम्या वाचायची, ती चांगली अंगापिंडाने भरलेली. "ही आहे म्हणून मला शेकोटी लागत नाही," असं मी म्हणायचे आणि ती मला पाठीत धपाटा घालायची.

एक्क्याण्णव सालच्या शरदात विओरिकाच्या नवऱ्याला सैन्याचं बोलावणं आलं. त्याला कुठेतरी लपवायला म्हणून ती रजा टाकून गावी गेली. तिच्या जागी दुसऱ्या केंद्रातून आलेली फीत वाजवायला लागले. म्हणजे स्लोव्हाक वाचणारा ओंद्रेय उठल्यापासून मी बसेपर्यंत स्टुडिओ रिकामा. त्या पहिल्या दिवशी मी आत गेले, कागद सारखे केले आणि बसले.

खुर्ची गरम होती.

२

मी काही घाबरट बाई नाही. आमच्या विभागाचा संपादकही सैन्यात गेल्यामुळे बातम्या भाषांतर करायला मी, टंकायला मी आणि वाचायलाही मीच. भुताखेतांना वेळ कुणाला होता? दिव्याची ऊब असेल, म्हटलं. ओंद्रेय बराच वेळ बसला असेल.

दुसऱ्या दिवशी ओंद्रेय उठल्यावर मी मुद्दाम आत जाऊन रेक्झिनवर हात ठेवला. त्याची ऊब होती. मग फीत चालू झाली आणि मी बाहेर काचेपाशी उभी राहिले. स्टुडिओच्या दाराला लाकडी चौकटीत एक लहान काच आहे. त्यातून टेबल दिसतं, खुर्ची नीट दिसत नाही. तरी कुणी आत गेलं असतं तर माझ्या अंगावरून गेलं असतं. कुणी गेलं नाही. इमारतीत तापवण्याची व्यवस्था अजून सुरू झाली नव्हती, पाय गारठले होते.

फीत संपत आल्यावर मी आत गेले. एवढ्या वेळात खुर्ची थंडगार व्हायला हवी होती. ती मघापेक्षा जास्त गरम होती. आणि माईक खाली आला होता. ओंद्रेय ताडासारखा उंच, त्याच्यानंतर माईकची मान मला रोज वाकवावी लागते. आज ती वाकवलेली होती, बरोब्बर माझ्या ओठांसमोर.

बातम्या मी कशा वाचल्या ते मला आठवत नाही. शेवटी सवयीने अंगठी टेबलावर एकदा वाजवली, नमस्कार म्हटलं आणि उठले.

या अंगठीचं सांगायला हवं. माझी आई कुत्सुरा गावात एकटी राहते. काचबिंदूने तिचे डोळे गेले. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर रेडिओ असतो आणि माझा आवाज हाच तिला माझा चेहरा. अंगठी तिचीच आहे. बातम्या संपल्या की नमस्काराच्या आधी मी ती टेबलावर एकदा वाजवायची, म्हणजे 'आई, मी ठीक आहे'. झिवाकाका सुरुवातीला ओरडायचा, मग त्याने नाद सोडला.

३

शनिवारी गावी गेले. बसथांब्यापासून घरापर्यंत चालताना लोक नेहमीपेक्षा जास्त हसत होते. पाववाल्या बाईने माझा हात दाबला. "फार चांगलं करतेस गं पोरी," ती हळूच म्हणाली. "पण जपून हं." मला वाटलं, ती लढाईच्या बातम्यांबद्दल बोलतेय.

फाटक उघडलं तरी शारो भुंकला नाही. साखळी नुसतीच पडली होती.

"आई, कुत्रा कुठाय?"

"दिला," आई शेवयांवर खसखस घालत म्हणाली. ती हे सगळं चाचपत करते, पण दाणा सांडत नाही. "तूच म्हणालीस ना, फार भुंकतो, देऊन टाक."

"मी कधी म्हटलं?"

"बुधवारी. बातम्यांनंतर."

"बातम्यांनंतर मी काय बोलते आई? अंगठी वाजवते आणि उठते."

आई हसली. "माझ्यापुढे कशाला लपवतेस? इथे कोण ऐकतंय? अंगठी वाजते, मग तू जरा थांबतेस, पाणी पितेस. गटागट पितेस अगदी, लहानपणापासून तशीच. आणि मग माझ्याशी बोलतेस." तिने माझ्या दिशेने ताट सरकवलं. "मी किती वाट बघते माहितीये? बातम्यांची नाही. ते मेले मंत्री मला काय करायचेत?"

मी काय बोलते, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला.

सगळं माझंच होतं. कॉलऱ्याला घाबरावं तशी मी शाळेला घाबरायचे ते, पेअरच्या झाडावरून पडले ते, बाबांच्या अंत्ययात्रेत मला हसू आलं होतं ते. शेवटचं मी जिवंत माणसाला कधी सांगितलेलं नाही. मध्येमध्ये सूचना. पलंग खिडकीपाशी घे. कुत्रा देऊन टाक. आतली कडी लावायला शिक, पुन्हा पुन्हा लावून बघ. आईने पलंग हलवला होता. कडीच्या लाकडावर नवे ओरखडे होते.

"माझ्याबरोबर शहरात चल," मी म्हटलं. "आज. आत्ता."

"कशी येऊ? तूच म्हणालीस, काही झालं तरी घर सोडू नकोस, मी येणार आहे."

"मी आलेय ना आई!"

तिने मान तिरकी केली, नीट ऐकायला करते तशी. मग कसनुसं हसून म्हणाली, "हो गं. आलीयेस. जेव."

४

परत जाताना बसमध्ये मी स्वतःला समजावलं. म्हातारपण. एकटेपण. देश फुटतोय, माणसं घरं सोडून पळताहेत, अशात एकट्या म्हातारीच्या कानात काय काय वाजेल! शारोचं वाईट वाटलं, तेवढंच. कडीवरचे ओरखडे मी विचारातून बाजूला ठेवले.

सोमवारी झिवाकाका तांब्याच्या भांड्यात कॉफी उकळत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, माझं वाचून झाल्यावर तू लगेच कळ ओढतोस ना?"

"तू नमस्कार म्हणालीस की ओढतो."

"आणि अंगठी वाजल्यावर?"

"अंगठीनंतर तुझं ते पुराण असतं ना, नमस्कार त्याच्या शेवटी." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "गावोगावचं हवामान सांगतेस की काय कोण जाणे. तुमच्यानंतर नुसतं अकॉर्डियन वाजतं, चार मिनिटं उशिरा सुरू झालं तर कोण मरतंय? मी कुणाला बोललो नाही हं."

"काका, मी अंगठी वाजवते, लगेच नमस्कार म्हणते आणि जाते."

"जातेस?" आता तो वळला. "अगं, मी दिवा घालवतो तेव्हा तू बसलेलीच असतेस. रोज. मी हात करतो, तू करत नाहीस. शिष्ट झालीये, असं मी बायकोलाही सांगितलं."

कॉफी उतू गेली. दोघांपैकी कुणीच भांडं उचललं नाही.

"चेष्टा करू नकोस," मी म्हटलं.

"मी?" झिवाकाका म्हणाला. "चेष्टा तर तू करतेयस."

५

त्या दुपारी मी नेहमीसारखीच आत गेले. बातम्या वाचल्या. वुकोवारजवळची चकमक, साखरेचा तुटवडा, मक्याचं पीक. खुर्ची खालून इतकी तापली होती की घाम फुटला होता. अंगठी वाजवली, काकाने कळ ओढू नये म्हणून मुद्दाम नमस्कार म्हटलं नाही, उठले आणि दार ओढून जिन्याने खाली पळाले.

खाली दरवानाच्या खोलीत रेडिओ असतो. दरवान हंगेरियन, लायोश नावाचा, अदबशीर म्हातारा. तो कानाला हात लावून ऐकत होता.

फळीवरच्या त्या डब्यातून पाणी गिळल्याचा आवाज आला. मग मी बोलायला लागले.

माझाच आवाज. रुसिनमध्ये, आमच्या कुत्सुऱ्याचा हेल काढून. पण मी वाचताना बोलते तसा नाही. मी कधीच बोलले नाही इतक्या मायेने. "आई, आज येतेय गं. बस संध्याकाळी पोचते, पण मी तिच्याआधी येईन. अंगठीने खिडकीवर वाजवीन, मग दार उघड. युलाला बोलावू नकोस. मी आत आले की कडी लाव. आणि मग कुणीही आलं, अगदी माझ्या आवाजात हाक मारली तरी, उघडू नकोस."

"फार गोड आवाज आहे तुमचा, ताई," लायोश कौतुकाने म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मग रेडिओकडे. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मी जिना चढून वर कशी गेले ते ठाऊक नाही. झिवाकाकाच्या खोलीत घुसले. तो पाठमोरा, सिगरेट ओढत, काट्याकडे बघत बसला होता आणि काटा हलत होता. त्याच्या डोक्यावरून मी काचेपलीकडे पाहिलं.

पाठ दिसली. माझा कॉफी रंगाचा स्वेटर, कोपरावर मी स्वतः घातलेलं ठिगळ. तो स्वेटर माझ्या अंगात होता. केस माझ्याचसारखे वर बांधलेले, पण मानेवर एकही बट सुटलेली नाही, नुकतेच कुणी बांधून दिल्यासारखे. ती माईकवर ओणवून बोलत होती आणि बोलताना पाठ अजिबात हलत नव्हती. श्वास घेताना हलते ना, तेवढीही नाही.

"काका," मी म्हटलं. "आत कोण आहे?"

झिवाकाकाने मागे वळून मला पाहिलं. मग समोर काचेत पाहिलं. सिगरेट बोटांना चटका देईपर्यंत जळली. आतून 'नमस्कार' आलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या हाताने कळ खाली ओढली. लाल दिवा गेला.

खुर्ची रिकामी होती. मधला खळगा मात्र नुकतं कुणी उठल्यासारखा हळूहळू भरून वर येत होता.

६

लायोशच्या खोलीतून मी युलाकाकूला फोन लावला. ती आईची शेजारीण, गल्लीत फोन तिच्याचकडे.

"काकू, आईकडे जा. ती कुणालाही दार उघडणार नाही असं बघ. मी येईपर्यंत हलू नकोस."

"अगं, पण तूच आत्ता म्हणालीस, युलाला बोलावू नकोस," तिने फुरंगटून म्हटलं. "ऐकलं मी. वाईट वाटलं हो."

"तू ऐकतेस?"

"सगळं गाव ऐकतं! रोज रडतो आम्ही. सरकारी रेडिओवरून आंधळ्या आईशी बोलते पोरगी! आम्ही ठरवलं, याचा बभ्रा करायचा नाही. रुसिनांतली एवढी एकच मुलगी तिथे आहे, वरच्यांना कळलं तर नोकरी घालवतील. पाद्रीबाबांनीसुद्धा सांगितलं, गप्प बसा. तुला तरी कळू दिलं का कुणी?"

मी रिसीव्हर आपटून बस गाठली. सगळ्या गावाने माझ्यावरच्या प्रेमापोटी तोंड बंद ठेवलं होतं. एकाने जरी माझ्याकडे तक्रार केली असती!

रस्त्यात रणगाड्यांसाठी बस दोनदा थांबवली. मी खिडकीच्या काचेला डोकं लावून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, आई, उघडू नकोस.

पोचले तेव्हा उजेड मावळत होता. युलाकाकू आमच्या फाटकाशी उभी होती. मला बघून ती हसली नाही.

"तू आत आहेस," ती म्हणाली.

"काय?"

"मी आले तेव्हा दार बंद होतं. हाक मारली तर आतून तुझी आई, हानिया, म्हणाली, माझी माल्चा आलीये, आम्ही जेवतोय. मी खिडकीतून बघितलं. तू ताटावर बसली होतीस. पाठमोरी." तिने छातीवर क्रूस काढला. "मग तू कोण?"

मी तिला ढकलून दारापाशी गेले. कडी आतून. स्वयंपाकघराची खिडकी वाफेने धुरकट झाली होती, आत पिवळा दिवा आणि आईची सावली. मी काचेवर अंगठी वाजवली.

"आई! मी माल्चा! उघड!"

आतून पावलं वाजली. मग आई अगदी दारामागे आली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आवाज तर हुबेहूब आहे गं," ती म्हणाली. पण ते मला उद्देशून नव्हतं.

"आई, ती मी नाही! मी बाहेर आहे! विचार मला काहीही!"

"बाबांना पुरताना तू काय केलंस?"

"हसले," मी ओरडले. "आई, मला हसू आलं होतं!"

"हे तर तू रेडिओवर सांगितलंस," आई दुःखाने म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे."

आणि आतून, टेबलावर, अंगठी वाजली. एकदा. म्हणजे सगळं ठीक आहे.

युलाकाकूच्या मुलांनी कुऱ्हाडीने कडी तोडली. आत आई एकटीच उभी होती. टेबलावर दोन ताटं, दुसरं ताट स्वच्छ पुसून खाल्लेलं. मी त्या ताटासमोरच्या खुर्चीला हात लावला आणि लगेच काढला.

मी आईला मिठी मारली. तिने माझे हात चाचपले, बोटं, मनगटं, आणि किंचाळून मागे सरली.

"ही कोण आणलीत? हिचे हात बर्फ आहेत. माझ्या माल्चाचे हात गरम असतात. काढा हिला बाहेर!"

७

त्यानंतर मी कामावर गेले नाही. मी वाचलंच नाही तर तिला खुर्ची कोण तापवून देणार, असा माझा हिशेब होता. तो बरोबर ठरला. अंगठीनंतरचा आवाज बंद झाला, रुमानियन फितीनंतर सरळ अकॉर्डियन लागायला लागलं.

आणि आईने अन्न सोडलं. रेडिओपाशी बसून राहिली. युलाकाकूने चमच्याने भरवायचा प्रयत्न केला तर ओठ घट्ट मिटायची. मी दारात गेले की ओरडायची. आठवडा संपायच्या आत डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

म्हणून मी परत गेले. झिवाकाकाने निवृत्ती घेतली, काचेपलीकडे आता नवा माणूस आहे, त्यालाही आमची भाषा येत नाही. मी रोज बातम्या वाचते. गावांची नावं, मेलेल्यांचे आकडे. शेवटी अंगठी वाजवते आणि नमस्कार न म्हणता उठते, म्हणजे आईला तो आवाज ऐकू येईल आणि ती जेवेल. खुर्ची गरम असते. मी मागे बघत नाही. जिना उतरताना लायोशच्या खोलीतल्या रेडिओतून पाणी पिण्याचा आवाज येतो, तेव्हा मी कान झाकून घेते. मला फार भीती वाटते. माझे हात आता उन्हातही तापत नाहीत.

काल युलाकाकूचा फोन आला. आई दोन वाट्या सूप प्यायली म्हणे, गालावर रंग आलाय. खूश आहे. युलाने विचारलं, एवढं काय झालं? तर आई म्हणाली, "माल्चा म्हणत होती, माझ्याआधी जी बाई बातम्या वाचते ना, ती आता जाणार आहे. मग बातम्याही मीच वाचीन."

आज दुपारी मी गेले तेव्हा फीत अजून वाजत होती. दाराच्या काचेतून टेबल दिसलं. माईक खाली वाकवलेला होता आणि बातम्यांचे कागद कुणीतरी आधीच सारखे करून ठेवले होते. मी दार उघडलं, कारण आईची जेवायची वेळ झाली होती.